चेहरा, जामीन व मुल्की दाखला : औरंगाबादेस आलेल्या परस्थांचे कागद

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांचें लक्ष फर्मानें, सनदा, महजर व वतनपत्रें यांकडे प्रथम जातें, आणि तें स्वाभाविकच आहे. या कागदांवर मोठे शिक्के असतात. त्यांतून गांवांचा, इनामांचा व घराण्यांचा इतिहास लागतो. परंतु ज्यास वतन नाहीं, इनाम नाहीं, ज्याच्या बापाचें नांव या मुलखांत कोणास ठाऊक नाहीं, असा मनुष्य परक्या शहरीं पोट भरण्यास आला म्हणजे त्यानें आपली ओळख कोणत्या कागदानें पटवावी? त्यास ‘आमचा’ असें कोणी व केव्हां म्हणावें? हा प्रश्न लहान दिसला तरी ज्यास भाकरी मिळवावयाची असते त्याच्या दृष्टीनें तो सर्वांत मोठा असतो. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा माग औरंगाबाद शहरापुरता काढण्याचें योजिलें आहे. या शहराचें नांव २०२३ सालापासून छत्रपती संभाजीनगर असें झालें आहे. परंतु ज्या काळाचे कागद येथें पाहावयाचे त्या काळीं तें ज्या नांवानें ओळखलें जाई तेंच नांव लेखांत ठेविलें आहे.

१. परस्थांचें शहर

हें शहर निवडण्यास सबळ कारण आहे. खडकी या खेड्याच्या जागीं इ. स. १६१० च्या सुमारास शहर वसविणारा मलिक अंबर हा स्वतःच परस्थ होता. तो हबसाणांत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या व्यापाऱ्याच्या घरीं वाढला आणि अखेरीस दख्खनेंत येऊन निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरीं राहिला. ज्याच्या नांवाचा पहिला कागद खरेदीखतच असावयाचा, तो मनुष्य निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला व त्यानें बांधलेल्या नहरीचें पाणी शहर पुढें शतकानुशतकें प्यालें. १६२६ सालीं तो वारल्यावर त्याचा मुलगा फत्तेखान यानें शहराचें नांव फत्तेनगर ठेविलें. आणि औरंगजेब दुसऱ्या खेपेस दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हां, म्हणजे १६५३ च्या सुमारास, तें औरंगाबाद झालें.

मोगलांच्या अमलांत शहराभोंवतीं जे पुरे वसले त्यांचीं नांवें वाचलीं तरी हें शहर कोणीं भरलें तें कळून येतें. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा हीं नांवें अनुक्रमें अंबेरचे कछवाह, बिकानेरचे राठोड व बुंदेलखंडचे बुंदेले या सरदारांचीं आहेत. बिकानेरचा राजा करणसिंग तर १६६९ सालीं येथेंच वारला. सरदारामागें त्याचे स्वार, स्वारामागें कारकून, सराफ, नालबंद, तंबू शिवणारे व भटारी, अशी एकामागून एक रांग उत्तरेकडून येत राहिली. मूळचे खडकीकर त्यांत किती उरले असतील हें सांगणें कठीण आहे. तेव्हां परस्थानें येथें येऊन कसें राहावें, कोणाच्या शब्दानें नोकरी धरावी व त्याचा कागद कसा व्हावा, या प्रश्नास येथें व्यवहाराचें रूप फार लवकर आलें.

२. चेहरा

मोगली लष्करांत नोकरी लागलेल्या शिपायाचा पहिला कागद म्हणजे त्याचा ‘चेहरा’. अकबरानें १५७४ च्या सुमारास घोड्यांस डाग देण्याची पद्धति सक्तीची केली, व तिच्याबरोबरच शिपायाचें व घोड्याचें वर्णन लिहून ठेवण्याची रीति दृढ झाली. मनसबदारानें ठरलेले स्वार ठेवावयाचे ते खरोखर ठेविले आहेत, कीं हजिरीच्या दिवशीं बाजारांतून माणसें व तट्टें भाड्यानें आणून उभीं केलीं आहेत, हें ताडून पाहण्यास दुसरा उपाय नव्हता. शिपायाच्या चेहऱ्यांत त्याचें नांव, बापाचें नांव, कौम व राहण्याचें ठिकाण प्रथम येई, मग अंगवर्णन. वर्ण गव्हाळ असल्यास ‘गंदुमरंग’, कपाळ रुंद असल्यास ‘फराख पेशानी’, भिंवया एकमेकींपासून सुट्या असल्यास ‘कुशादा अब्रू’, डोळे मेंढीसारखे असल्यास ‘मेशचश्म’, नाक उंच असल्यास ‘बुलंद बीनी’. त्यानंतर दाढीमिशा, तीळ, जखमेच्या खुणा व देवीचे व्रण. घोड्याचा रंग, खुणा व डाग यांचीहि अशीच नोंद होई. ठराविक काळानें माणूस व घोडा पुन्हां उभे करून या लेखाशीं ताडून पाहत. त्यास ‘तसहीह’ म्हणत. तसहीह झाल्याखेरीज पगाराची वाट मोकळी होत नसे.

मराठींत आज ‘चेहरेपट्टी’ हा शब्द आपण मुखाची ठेवण या अर्थानें सहज वापरतों. त्याचें मूळ या लष्करी यादींतच असावें असें वाटतें. जो शब्द आज कादंबरींत नायिकेच्या वर्णनास लागतो तो एके काळीं हजिरीच्या कारकुनाच्या लेखणींतला होता, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

या वर्गाच्या कागदांचें औरंगाबादेशीं नातें निकटचें आहे. शहाजहान व औरंगजेब यांच्या कारकीर्दींतील दख्खनच्या मोगली कारभाराचे दीड लाखांवर कागद औरंगाबादेच्या किल्ले अर्कांत पडून होते. ते १९१६ सालीं हैदराबादेस नेऊन दफ्तर-इ-दिवानींत ठेवण्यांत आले. त्यांतील निवडक शहाजहानी कागदांचा खंड हैदराबादेहून १९५० सालीं व औरंगजेबी कागदांचा १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. या दप्तरांत ‘अर्ज व चेहरा’ या जातीचे कागद विपुल आहेत. त्यांतील एकेक कागद पाहिला तर तो क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या हजारों सामान्य शिपायांचें नांव कोणत्याहि बखरींत अगर तवारिखेंत येणें शक्य नव्हतें, त्यांची उंची, त्यांचा रंग व त्यांच्या कपाळावरचा वार आज साडेतीनशें वर्षांनंतर आपणांस ठाऊक आहे तो या क्षुल्लक कागदांमुळेंच.

एक गोष्ट मात्र येथें स्पष्ट केली पाहिजे. चेहऱ्यांत ठिकाणाची नोंद असली तरी तो रहिवासाचा दाखला नव्हे. मनुष्य कोठून आला यास सरकारची ना नव्हती. आलेला मनुष्य तोच आहे कीं दुसरा, एवढाच सरकारचा प्रश्न होता. समरकंदचा तुराणी, बिकानेरचा रजपूत, हबशी व दख्खनी मराठा हे चारहि त्या कारकुनापुढें सारखेच उभे राहत. परकेपणा हा दोष नव्हता. तोतयेपणा हा दोष होता.

३. जामीन व शिफारस

चेहरा हा नोकरी लागल्यानंतरचा कागद झाला. ती लागावी कशी? येथें नवागताची खरी कसोटी होती. मनसबेसाठीं प्रथम कोणा वजनदार माणसाची शिफारस लागे. ती बक्षीमार्फत बादशहासमोर मांडली जाई. मंजुरी झाल्यावर तिची याददाश्त लिहिली जाई, तिच्यावरून तालिका निघे, व अशा एकाहून एक कागदांवर निरनिराळ्या दप्तरांचे शिक्के व शेरे पडत पडत मनसबदाराच्या हातीं कांहींतरी येई. प्रत्येक शिक्क्याच्या ठिकाणीं थांबणें आलें, व थांबण्याच्या प्रत्येक ठिकाणीं खर्च आला. याखेरीज जामीन द्यावा लागे तो वेगळाच. आपल्या मराठी दप्तरांत ‘जामीनकतबा’ व ‘मुचलका’ हे शब्द पानोपानीं येतात. त्यांचें कुळ हेंच. ज्याचा मुलूख दूर, त्यास जामीन राहणार कोण? म्हणून नवागत प्रथम आपल्या मुलखाचा, आपल्या जातीचा किंवा आपल्या भाषेचा जुना नोकर शोधीत जाई. तो सांपडला म्हणजे अर्धी नोकरी सांपडली.

याच्या उलट ज्यांचे बापजादे बादशाही चाकरींत होते ते ‘खानाजाद’ म्हणवीत व त्यांचा हक्क पहिला मानला जाई. परंतु औरंगजेबाच्या अखेरच्या वीस-पंचवीस वर्षांत विजापूर व गोवळकोंडें येथील सरदार आणि मराठ्यांकडून फुटून आलेले लोक यांस मनसबा देणें राजकारणासाठीं भाग पडलें. मनसबदार वाढले व वांटून देण्यास जहागिरी उरल्या नाहींत. मनसबेचा कागद हातीं आहे, पण जहागीर नाहीं, अशा स्थितींत माणसें वर्षानुवर्षें दरबारीं खेटे घालूं लागलीं. खाफीखानानें या दुर्दशेचें वर्णन केलें आहे. जुन्या खानाजादांची तक्रार अशी, कीं आमचें ताट नव्यांनीं ओढलें. ‘आमच्या मुलखांतील नोकऱ्या परक्यांनीं घेतल्या’ ही पुढच्या काळांतील ओरड व ही तक्रार यांत एक भेद आहे, तो ध्यानांत घ्यावा. खानाजादाचा हक्क भूमीवरून येत नव्हता. तो पिढीजात चाकरीवरून येत होता. येथें जन्मला असें म्हणून कोणी हक्क सांगत नव्हता. बापानें याच धन्याचें मीठ खाल्लें असें म्हणून सांगत होता.

या कारकुनी जगाची आंतली बाजू ज्यानें लिहून ठेविली तो भीमसेन सक्सेनाहि परस्थांच्याच घराण्यांतला. तो कायस्थ, त्याचा जन्म १६४९ सालीं बुऱ्हाणपूर येथें झाला. त्याच्या घरची मंडळी दख्खनच्या मोगली लष्करांत लेखणीची चाकरी करीत, व त्याच्या आयुष्याचा मोठा भाग औरंगाबादेस व दख्खनच्या छावण्यांत गेला. पुढें तो दलपतराव बुंदेल्याच्या पदरीं राहिला. त्याच्या ‘तारीख-इ-दिलकुशा’ या ग्रंथाचें जदुनाथ सरकारांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख खात्यानें १९७२ सालीं छापलें आहे. लढायांच्या हकिकतींसाठीं तो ग्रंथ वाचला जातो. परंतु नोकरी लागणें, सुटणें व पुन्हां मिळविणें या गोष्टींसाठींहि तो वाचावयास हवा.

४. कागदाऐवजीं शब्द

ज्यास ओळखीचा जुना नोकर मिळाला नाहीं त्यानें काय करावें? औरंगाबादेंत या प्रश्नास एक उत्तर होतें, व त्याची वास्तु अद्याप उभी आहे. आज पाहुणे पाणचक्की पाहण्यास ज्या ठिकाणीं जातात तो बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी साधूचा तकिया होय. हा साधु व त्याचा गुरु बाबा पलंगपोश हे दोघेहि बुखाऱ्याकडील गिजदुवानच्या परंपरेंतले. पलंगपोश हा गाजीउद्दीनखान फिरोजजंग याच्या लष्कराबरोबर वावरत असे, व मुसाफिर औरंगाबादेस स्थिर झाला. तुराणांतून निघालेले फकीर, यात्रेकरू व नोकरीच्या शोधांतले शिपाई या तकियांत उतरत. तेथें त्यांस अन्न मिळे, आपली भाषा बोलणारीं माणसें मिळत, आणि फिरोजजंगाच्या फौजेंत जावयाचें तर साधूचा शब्द उपयोगीं पडे. स्वतः फिरोजजंगाचें घराणें समरकंदेकडून आलेलें; तेव्हां तिकडील माणसाविषयीं त्याच्या छावणींत आपलेपणा होता.

बाबा मुसाफिर याचा उत्तराधिकारी शाह महमूद यानें या दोघांच्या आठवणी ‘मल्फूजात-इ-नक्शबंदिया’ या फारसी ग्रंथांत संकलित केल्या. सायमन डिग्बी यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर २००१ सालीं प्रसिद्ध केलें. चमत्काराच्या गोष्टी म्हणून हे ग्रंथ बाजूस टाकण्याची आपल्या संशोधकांस संवय आहे. परंतु चमत्काराचा भाग सोडून वाचलें, तर परमुलखांत नुकताच उतरलेला मनुष्य कोठें निजतो, कोणाकडे जेवतो व कोणाच्या तोंडच्या शब्दावर चाकरी धरतो, याची जी माहिती या ग्रंथांत आहे ती शिक्क्याच्या कागदांत मिळणार नाहीं. कागदाच्या इतिहासांत कागद नसलेल्यांचा हा अध्याय आहे.

५. आसफजाही दप्तरें

फिरोजजंगाचा मुलगा निजामुल्मुल्क आसफजाह यानें १७२४ नंतर दख्खनेंत आपली सत्ता बसविली. औरंगाबाद हें त्याचें मुख्य ठाणें होतें. १७४८ सालीं तो बुऱ्हाणपुरास वारला व खुलदाबादेस पुरला गेला. पुढें १७६३ सालीं निजाम अलीखानानें राजधानी हैदराबादेस नेली, आणि औरंगाबादेस जी गर्दी नोकरीसाठीं होत असे ती तिकडे वळली.

या नव्या राज्याचा हिशेब दोन दप्तरांत वांटलेला असे. मराठी मुलखाचें काम मुख्यत्वें ‘दफ्तर-इ-दिवानी’ कडे, तेलंगणाचें ‘दफ्तर-इ-माल’ कडे. पहिलें दप्तर रायरायां या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे वंशपरंपरेनें चाललें. दुसरें उत्तरेंतून आलेल्या मालवाले कायस्थांकडे. या दोन घराण्यांपैकीं एक येथलें व एक परमुलखींचें; परंतु शंभर वर्षांनंतर दोघांसहि कोणी परकें म्हणत नव्हतें. त्यांस देशी ठरविणारा कोणताहि दाखला कधीं निघाला नाहीं. दप्तर सांभाळतां सांभाळतां व पिढ्या उलटतां उलटतां ते येथलेच झाले. राज्य लहान असतें, ओळखी तोंडपाठ असतात, व नोकरी घराण्यास मिळते, तोंवर अशा दाखल्याची गरजच पडत नाहीं.

६. मुल्की व गैरमुल्की

ही गरज पहिल्या सालारजंगाच्या कारभारानें उत्पन्न केली. १८५३ पासून १८८३ पर्यंत तो दिवाण होता. जिल्हे व तालुके, न्यायखातें, शिक्षणखातें, हिशेबखातें अशी नवी घडी त्यानें बसविली, व ती चालविण्यास इंग्रजी पद्धतीची माहिती असलेले लोक बाहेरून आणले. अलीगढच्या चळवळींतले सय्यद महदी अली (मोहसिनुल्मुल्क), मुश्ताक हुसेन (विकारुल्मुल्क), तसेच सय्यद हुसेन बिलग्रामी, चिराग अली ही मंडळी या लाटेंतली. पुढें फारसीच्या जागीं उर्दू ही कारभाराची भाषा झाली. घराण्याच्या नोकरीच्या जागीं पगाराची, श्रेणीची व बढतीची नोकरी आली, आणि तिजबरोबर वादहि आला. राज्यांतले ते ‘मुल्की’, बाहेरचे ते ‘गैरमुल्की’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या शब्दांची व्याख्या करण्याचे सरकारी प्रयत्न सुरू झाले.

शेवटीं २५ रमजान १३३७ हिजरी, म्हणजे जून १९१९, या तारखेच्या निजामाच्या फर्मानानुसार मुल्की नियम मुलकी नोकरीच्या कायद्यास जोडण्यांत आले. नियमांचें सार असें : खुद्द निजामाची खास मंजुरी असल्याखेरीज वरिष्ठ अगर कनिष्ठ कोणत्याहि नोकरींत गैरमुल्कीची नेमणूक होऊं नये. मुल्की कोण? जो जन्मानें हैदराबाद राज्याचा प्रजाजन आहे तो. रहिवासानें ज्यास तो हक्क आला आहे तो. ज्याच्या जन्माच्या वेळीं त्याचा बाप पंधरा वर्षांची चाकरी पुरी करून सरकारी नोकरींत होता तो. आणि मुल्की पुरुषाची पत्नी. रहिवासानें मुल्की व्हावयाचें तर राज्यांत निदान पंधरा वर्षें कायम वस्ती पाहिजे, मूळ ठिकाणीं परत जाण्याचा विचार सोडून दिलेला पाहिजे, व तसें प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यावर न्यायाधिकाऱ्यासमोर केलेलें पाहिजे.

या शेवटच्या कलमापाशीं क्षणभर थांबण्यासारखें आहे. चेहऱ्याच्या काळीं सरकार शिपायाचा तीळ पाहत होतें; आतां तें त्याचें मन विचारूं लागलें. ‘मी परत जाणार नाहीं’ हें वाक्य शपथेवर लिहून दिल्यावरच भाकरीचा हक्क. आईबाप दूर गांवीं, घर व देव तिकडे, आणि हा येथें मॅजिस्ट्रेटासमोर परत न जाण्याची शपथ घेतो. अशा किती शपथा खऱ्या असतील व किती पोटासाठीं घेतलेल्या असतील, तें त्या कागदांवरून कळावयाचें नाहीं. तीळ ताडून पाहतां येतो. मनांतला बेत येत नाहीं. नियमाची ही कमकुवत बाजू पुढें उघडी पडली, व खोटे दाखले निघतात अशी तक्रार सर्रास होऊं लागली.

दुसरी गोष्ट खास मंजुरीची. ही वाट अर्थातच मोठ्या जागांसाठीं मोकळी राहिली. शिक्षणखात्याचे प्रमुख रॉस मसूद अलीगढकडचे. १९३७ मध्यें राज्याचे मुख्य प्रधान झालेले अकबर हैदरी मूळ मुंबईचे. १९४६ सालीं त्या जागीं आलेले मिर्झा इस्माईल म्हैसूरचे. यांच्या योग्यतेविषयीं येथें वाद नाहीं. यांतील कित्येकांनीं राज्याचें हित केलें. परंतु नियमाचा अडसर दिवाणखान्यास लागला नाहीं, तो कारकुनाच्या खोलीस लागला, हें नाकारतां येत नाहीं. १९३५ च्या सुमारास मुल्की मंडळींनीं निजामप्रजेचा संघ काढून हैदराबाद हैदराबादकरांसाठीं अशी मागणी केली, त्याचें एक कारण हेंच होय.

औरंगाबादेपुरतें पाहिलें तर या वादाचें रूप अधिक गुंतागुंतीचें दिसतें. मौलवी अब्दुल हक हे मीरतेजवळच्या हापुडकडचे. म्हणजे जन्मानें गैरमुल्की. शिक्षणखात्यांतील नोकरीनिमित्त ते औरंगाबादेस आले. १९१२ सालीं अंजुमन-इ-तरक्की-इ-उर्दू या संस्थेचे चिटणीस झाल्यावर त्यांनीं तिची कचेरी येथें आणली, १९२१ पासून येथूनच ‘उर्दू’ हें त्रैमासिक चालविलें, व १९३८ सालीं संस्था दिल्लीस जाईपर्यंत पाव शतक हें शहर उर्दू विद्येचें एक प्रमुख पीठ होतें. अनेक दुर्मिळ दख्खनी हस्तलिखितें त्यांच्या खटपटीनें उजेडांत आलीं; हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या आपल्या वाचकांस त्याचें मोल सांगणें नको. दख्खनच्या जुन्या वाङ्मयाचा उद्धार परमुलखींच्या माणसानें करावा, हा या वादास एक मोठाच अपवाद आहे.

परंतु त्याच शहराच्या आसपासच्या खेड्यांतला मराठी मुलगा पाहा. तो जन्मानें मुल्की. त्यास पंधरा वर्षें मोजण्याची गरज नाहीं, शपथेची नाहीं. नियमाच्या दृष्टीनें त्याचा हक्क पहिला. पण कचेरीची भाषा उर्दू, न्यायालयाची उर्दू, व १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या उच्च शिक्षणाचें माध्यमहि उर्दू. मराठी शिक्षणासाठीं औरंगाबादेस १९१५ सालीं सरस्वती भुवन शाळा लोकांनीं आपल्या बळावर काढली. अशा खाजगी शाळा हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तेव्हां दारास दोन कुलपें होतीं, एक रहिवासाचें व दुसरें भाषेचें. मुल्की नियमानें पहिलें कुलूप या मुलास उघडून दिलें. दुसऱ्याची किल्ली मात्र उत्तरेंतून आलेल्या गृहस्थाच्या खिशांत जन्मतःच होती. मुल्की-गैरमुल्की हा वाद केवळ हिंदु-मुसलमानांचा होता असें समजणारे, व तो केवळ देशी-परदेशींचा होता असें समजणारे, असे दोघेहि या दोन कुलपांपैकीं एकच पाहतात. मुल्की मंडळींत हिंदु होते तसे मुसलमानहि होते. आणि देशी असूनहि परका राहिलेला मराठी शेतकरी या दोन्ही पक्षांच्या हिशेबांत नव्हता.

७. पंधरा वर्षें

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद राज्य भारतांत विलीन झालें, व नवे अधिकारी, शिक्षक व कारकून बाहेरून आले. तेव्हां जुनाच वाद नव्या तोंडांनीं उठला. सप्टेंबर १९५२ मध्यें हैदराबाद शहरांत ‘गैरमुल्की परत जा’ अशा घोषणा होऊन गोळीबार झाला व माणसें प्राणास मुकलीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. १९६० सालीं तो महाराष्ट्राचा भाग झाला. येथला मुल्कीचा प्रश्न असा भाषिक राज्याच्या पोटांत विरला. १९५३ च्या नागपूर करारांत मराठवाड्यास नोकऱ्यांत लोकसंख्येच्या मानानें वांटा देण्याचें जें कलम आहे तें याच जुन्या दुखण्यावरचा नवा लेप होय.

तेलंगणांत मात्र नियम जिवंत राहिले. १९५७ च्या केंद्रीय कायद्यानें तेथें रहिवासाची अट राखली. १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती तरतूद रद्द केली. ऑक्टोबर १९७२ मध्यें त्याच न्यायालयानें मूळचे १९१९ चे मुल्की नियम अद्याप चालू आहेत असा निवाडा दिला. त्यावरून आंध्रांत मोठा क्षोभ झाला, व १९७३ सालीं कायदा करून हे नियम रद्द करण्यांत आले. निजामाच्या फर्मानानें निघालेला एक नियम त्याच्या राज्यामागें पंचवीस वर्षें टिकून प्रजासत्ताकांतील न्यायाधीशांपुढें उभा राहिला, असें उदाहरण विरळाच.

आणि पंधरा या आंकड्याचें आयुष्य त्याहूनहि मोठें आहे. आजहि महाराष्ट्रांत शासकीय नोकरीच्या कामीं अधिवासाचा दाखला मागतांना सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. हा आंकडा मुल्की नियमांतूनच आला असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मनुष्य येथला केव्हां झाला याचें माप काळानें घेण्याची कल्पना आपल्या मुलखास नवी नाहीं, एवढें यावरून दिसतें. सतराव्या शतकांत माप अंगाचें होतें, मग शब्दाचें व जामिनाचें, मग पिढ्यांचें, आणि शेवटीं वर्षांचें. प्रत्येक माप कोणास तरी आंत घेतें व कोणास तरी बाहेर ठेवितें. मलिक अंबरास पंधरा वर्षें थांबावें लागलें असतें, तर खडकीचें शहर कोणीं वसविलें असतें, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

८. संग्राहकांस विनंति

शेवटीं संग्राहक मंडळींस एक विनंति. औरंगाबाद, जालना, पैठण या बाजूच्या जुन्या घरांतील रुमालांत उर्दू छापील नमुन्यावर भरलेले दाखले, प्रतिज्ञापत्रें, शिफारशीचीं पत्रें, नोकरीच्या अर्जांच्या नकला अशीं चिटोरीं अजून सांपडण्याजोगीं आहेत. सनद नाहीं, मोडी नाहीं, म्हणून तीं रद्दींत जातात. कृपा करून तीं फाडूं नयेत. कालनिर्णय करतांना मोगली कागदांवर हिजरी सन व जुलूस पाहावा. आसफजाही अमलांतल्या कागदांवर फसली सन असल्यास त्यांत ५९० च्या आसपास मिळविलें म्हणजे इसवी सन येतो. तो शुहूर सन समजून ५९९ मिळविल्यास नऊ वर्षांची चूक होईल. कागदाची पाठ अवश्य पाहावी. शेरे, शिक्के व आवक-जावकीचे आंकडे पाठीवरच असतात, व अर्जदार किती कचेऱ्या हिंडला याचा हिशेब तेथेंच लागतो.

राजांचे इतिहास फर्मानांवरून लिहितां येतात व ते लिहिले गेलेहि आहेत. परंतु शहर हें राजांनीं भरत नाहीं. तें वेशीपाशीं पडशी टाकून नोकरीची वाट पाहणाऱ्या माणसांनीं भरतें. त्यांची बखर कोणीं लिहिली नाहीं. तीं चिटोरींच त्यांची बखर होय.